मातीचा बांध: आधी खड्डे, मग भराव

(दृश्य: कोरडा नाला, काठावर भेगाळलेली काळी जमीन)

फेब्रुवारी सरता सरता मराठवाड्यातले बहुतेक नाले कोरडे पडतात. मातीच्या धरणाची जागा तपासायला हेच दिवस चांगले. काळ्या जमिनीच्या भेगा उघड्या असतात आणि चाचणी खड्ड्यात पाणी भरत नाही.

खड्डे बांधाच्या मध्यरेषेवर घ्यायचे. पात्रात, दोन्ही काठांवर आणि बांध टेकडीला भिडतो त्या टोकांनाही. ही टोकं हमखास राहून जातात आणि पुढे पाणी तिथूनच वाट काढतं. खड्डा माणूस आत उतरून भिंत पाहील एवढा रुंद हवा. काळ्या मातीची भिंत अचानक ढासळते, म्हणून खोल खड्ड्याला पायऱ्या ठेवल्याशिवाय कुणीही उतरू नये.

(दृश्य: खड्ड्याची भिंत, वरून खाली)

वर काळी माती, तिच्याखाली चुनखडी मिसळलेली पांढरट माती, मग मुरूम, मांजऱ्या म्हणजे मऊ, झिजलेला खडक आणि खाली काळा पाषाण. प्रत्येक थर किती खोलीवर लागला ते मोजून लिहायचं. हा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला आहे. दोन थरांच्या सांध्यात बऱ्याचदा लाल मातीचा पट्टा असतो, आणि वरचा कठीण पाषाणही उभ्या भेगांनी चिरलेला असू शकतो. म्हणून नुसता खडक लागला की तपासणी संपली, असं मानायचं नाही. मुरमात खड्डा पाण्याने भरायचा, आजूबाजूची जमीन भिजू द्यायची आणि मग तासाला पातळी किती उतरते ते पाहायचं. खडकासाठी बोअर घेऊन दाबाने पाणी सोडण्याची चाचणी करावी लागते.

यावरून पायातल्या चराची, म्हणजे बांधाखालून जाणारं पाणी अडवणाऱ्या खंदकाची, खोली ठरते. साठवण तलावात हा चर मुरूम कापून घट्ट थरात निदान अर्धा मीटर रुतवतात आणि चिकणमातीने दाबून भरतात. पाझर तलावाचं तसं नाही. तिथे पाणी जमिनीत उतरायलाच हवं, पण बांधाखालून माती घेऊन जाता कामा नये.

(दृश्य: ओल्या मातीची वळी)

आता भरावाची माती. काळी माती पाणी अडवते, पण उन्हात तडकते आणि तलाव झपाट्याने रिकामा झाला की ओल्या उतारावरून घसरते. म्हणून ती आत, गाभ्यात, आणि मुरूम बाहेर, केसिंगला म्हणजे आवरणाला. गाभ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे तलावाच्या विरुद्ध बाजूला, वाळूची गाळणी हवीच. पाझर आला तरी मातीचे कण तिथे अडतात.

माती किती फुगते ते रॉकेलमध्ये कळतं. 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली 10 ग्रॅम सुकी माती एका नळीत पाण्यात, तेवढीच दुसरीत रॉकेलमध्ये, कारण रॉकेलमध्ये माती फुगत नाही. 24 तासांनी रॉकेलमध्ये 10 मिलिलीटर आणि पाण्यात 16 भरली, तर फुगवटा 60 टक्के. 50 च्या पुढे गेलेली माती उघड्या उतारावर अजिबात नको.

खरी भीती चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या मातीची. मातीचा बोराएवढा खडा, आहे त्या ओलाव्यासह, स्वच्छ काचेच्या पेल्यात ठेवा. तो नुसता ढासळून ढीग झाला आणि पाणी निवळ राहिलं, तर तेवढी काळजी नाही. पण खड्याभोवती गढूळ ढग पसरला, तर माती पाण्यात विरघळल्यासारखी वाहून जाणार. अशा मातीत बारीक भेगेचं भोक व्हायला एकच पावसाळा पुरतो. पेल्यात विहिरीचं पाणी नको, बॅटरीत घालायचं पाणी घ्या. विहिरीच्या पाण्यातले क्षार हा दोष झाकतात. शंका आली की नमुना प्रयोगशाळेत पाठवावा; नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे मेरीत, धरणाच्या मातीवर काम चालतं.

(दृश्य: रोलर, पाण्याचा टँकर)

माती चांगली असूनही बांध बिघडतो तो पाण्यावाचून. समजा, खाणीतल्या मातीत ओलावा 8 टक्के आहे आणि प्रॉक्टर चाचणीने, म्हणजे माती किती ओलाव्याला सर्वांत घट्ट दबते ते सांगणाऱ्या चाचणीने, 24 टक्के सांगितला. घनमीटरला सुमारे 1500 किलो सुकी माती धरली, तर 240 लिटर पाणी घालावं लागेल. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम 40 घनमीटरला पुरतो. हा हिशेब अंदाजपत्रकात नसला, की उन्हाळ्यात कोरडीच ढेकळं दाबली जातात. पाणी भरावावर शिंपडून काळी माती आतपर्यंत भिजत नाही. खाणीतच आळी करून आदल्या दिवशी मुरवावं. थर दाबल्यावर 15 सेंटीमीटरच्या आसपास राहावा आणि प्रत्येक थराची घनता नळकांड्याने नमुना काढून तपासावी.

मातीची खाण कुठे काढायची, हेही खड्ड्यांवरच ठरतं. बांधाच्या पायथ्याशी तलावाच्या बाजूची काळी माती जवळ म्हणून उचलली जाते. ती तिथे खालच्या मुरमाला झाकून असते. ती काढली, की पाण्याला मुरमातून थेट बांधाखाली जायला रस्ता मिळतो. म्हणून पायथ्यापासून बांधाच्या उंचीच्या कित्येक पट अंतर सोडून, आणि मुरमावर काळ्या मातीचा थर शिल्लक ठेवूनच खोदावं.