राजघराण्यातली लग्नं आणि शिळेवरची चित्रं

श्रोतेहो, नमस्कार.

फ्रान्सच्या गावांमध्ये एक जुनी रीत होती. नवरा म्हातारा आणि नवरी कोवळी असली, किंवा एखाद्या विधवेनं पुन्हा लग्न केलं, की रात्री गावची पोरं त्या घरासमोर जमायची आणि कढया, पातेली, घंटा बडवून धुमाकूळ घालायची. हा प्रकार म्हणजे शारिवारी. १ डिसेंबर १८३२ रोजी शार्ल फिलिपाँ यांनी पॅरिसमध्ये नवं दैनिक काढलं आणि त्याला हेच नाव दिलं, ‘ल शारिवारी’. रोज एक नवं चित्र छापायचं, असा त्यांचा पण होता. पुढे लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकानं स्वतःला लंडनचा शारिवारी म्हणवून घेतलं, आणि त्या ‘पंच’च्या वळणावर आपल्या मुंबईत ‘पारशी पंच’ निघाला.

गादीवर तेव्हा लुई फिलिप होते. १८३० च्या जुलै क्रांतीनं बसवलेला हा राजा स्वतःला जनतेतला म्हणवायचा, पण वर्षाचा सरकारी तनखा होता एक कोटी वीस लाख फ्रँक. शिवाय लग्नाची आठ मुलं. १८३२ साली थोरली लेक लुईझ बेल्जियमच्या राजाला दिली, आणि १८४६ पर्यंत आठही जणांची लग्नं लागली. या घरात कार्य निघालं की तिजोरीला खार लागणार, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं.

हा राग चित्रकार ओनोरे दोमिए यांनी पहिल्या लग्नाच्या आधीच, डिसेंबर १८३१ मध्ये, शिळेवर उतरवला होता. राजा गार्गांतुआ, म्हणजे फ्रेंच कथेतला अवाढव्य खादाड राक्षस, होऊन खुर्चीत बसलाय. जमिनीपासून त्याच्या तोंडापर्यंत एक फळी टेकवली आहे. फाटक्या कपड्यांतली माणसं नाण्यांच्या टोपल्या घेऊन त्या फळीवरून चढतात आणि त्याच्या घशात ओततात. खुर्चीखालून मानपत्रं आणि नेमणुका बाहेर पडतात, त्या झेलायला लाळघोटे टपलेले. दोमिएंना सहा महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड झाला. वय होतं अवघं २३.

चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनं चित्र काढायचं आणि शिळा ओली करायची, मग शाई फक्त खडूच्या रेघेलाच धरते. तांब्यावर कोरत बसायला नको, म्हणून बातमी ताजी असतानाच चित्र बाजारात यायचं. चित्रं विकणाऱ्या ओबेर यांच्या दुकानाच्या काचेसमोर गर्दी व्हायची. अक्षरओळख नसलेल्यालाही ते कळायचं, आणि सरकारला भीती होती ती नेमकी याचीच.

१८३३ मध्ये आणखी एक लग्न गाजलं. १८३० च्या क्रांतीत हटवलेल्या बुर्बाँ राजघराण्याची विधवा सून, बेरीची डचेस, मुलाला गादी मिळावी म्हणून बंड करून पकडली गेली होती. ब्लायच्या किल्ल्यात कैदेत असताना तिला दिवस गेल्याचं उघड झालं आणि इटलीत आपण गुपचूप लग्न केल्याचं तिला जाहीर करावं लागलं. चित्रकारांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. मला मात्र त्या चित्रांत राम वाटत नाही. कैदेतल्या बाईच्या बाळंतपणावर हसून सत्तेचं काय उघडं पडतं?

जुलै १८३५ मध्ये राजावर प्राणघातक हल्ला झाला आणि सप्टेंबरात कायदा आला. सेन्सॉर पुन्हा येणार नाही, असं वचन १८३० च्या सनदेत, म्हणजे राज्यघटनेत होतं. सरकारनं पळवाट शोधली. म्हणे, लेख हे मत असतं, चित्र ही कृती असते! त्यामुळे प्रत्येक चित्राला आधी परवानगी लागू लागली. दोमिए मग मध्यमवर्गीय नवरा-बायकोच्या संसाराची चित्रं काढू लागले.

पण लेखणी मोकळी होती. १८४० मध्ये दुसरा राजपुत्र, नेमूरचा ड्यूक, याचं लग्न ठरलं आणि सरकारनं त्याच्यासाठी वर्षाला पाच लाख फ्रँक मागितले. खासदार कोर्मनँ यांनी पत्रक काढून त्या मागणीची चामडी सोलली. २० फेब्रुवारीला सभागृहानं चर्चाही न करता २२६ विरुद्ध २०० मतांनी ती फेटाळली. मंत्रिमंडळ पडलं. लग्न एप्रिलमध्ये झालंच, पण रयतेच्या पैशाविना. या सगळ्या गोष्टीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा दिवस. लोकांच्या डोळ्यांत हिशोब आधीच भरला होता, आणि तो भरण्यात गार्गांतुआच्या त्या टोपल्यांचा वाटा होता, असं मी ठामपणे म्हणेन.

पुढे १८५३ च्या जानेवारीत फ्रान्सचा नवा बादशहा तिसऱ्या नेपोलियननं युजेनीशी लग्न केलं, तेव्हा देशात चित्रांवर पूर्ण पहारा होता. १८७० च्या सप्टेंबरात साम्राज्य कोसळलं आणि सतरा वर्षं दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. पॉल आदोल यांनी बादशहाला गिधाड केलं, युजेनीला करकोचा. बऱ्याच चित्रांत तिची निव्वळ बदनामी होती. गार्गांतुआच्या चित्रात राजाच्या घशाचा आणि आपल्या टोपलीचा संबंध दिसतो, इथे तसं काही दिसत नाही.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘गॅलिका’ या संकेतस्थळावर ‘ल शारिवारी’चे जुने अंक फुकट पाहायला मिळतात. फ्रेंच येत नसलं तरी चालेल. सप्टेंबर १८३५ च्या आधीचे आणि नंतरचे अंक शेजारी शेजारी ठेवून जरूर पाहा. नमस्कार.