अलाइनर काढल्यावर दाढा टेकत नाहीत? आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. दात सरळ करायला अलाइनर, म्हणजे दातांवर चढवायचे आणि एकामागून एक बदलत जायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे, लावलेल्या लोकांकडून मला सगळ्यात जास्त येणारी तक्रार कुठली, सांगू? 'डॉक्टर, पुढचे दात छान दिसायला लागलेत, पण जेवताना दाढा एकमेकींना लागतच नाहीत. पोळी चावतोय की नुसती फिरवतोय, कळत नाही.' आज फक्त यावरच बोलू. ट्रे धुवायचे कसे, 'स' म्हणताना जीभ का अडखळते, ते पुन्हा कधीतरी.

ट्रेचं प्लास्टिक साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं. वरचा एक, खालचा एक, म्हणजे दाढांच्या मध्ये दीड मिलिमीटर आलं. हे तुम्ही दिवसाचे 20 ते 22 तास तोंडात ठेवता, आणि वर दात आवळता: गिळताना, झोपेत, ट्रॅफिकमध्ये वैतागून. जबडा दाराच्या बिजागरीसारखा कानाजवळून फिरतो, त्यामुळे या जाडीचा दाब सगळ्यात मागे, दाढांवर जास्त येतो. दाढा किंचित आत दाबल्या जातात. मग ट्रे काढला की पुढचे दात आधी टेकतात आणि मागे फट राहते.

काही वेळा भानगड पुढेच असते. वाकडे दात सरळ होताना मध्येच असा टप्पा येतो की वरचे आणि खालचे पटाशीचे दात एकमेकांवर आदळतात. ते आदळल्यावर मागचे भेटणार कसे? अशी टक्कर पुढच्या काही ट्रेमध्ये बऱ्याचदा आपोआप सुटते.

आणि हा बदल तुम्हाला एवढा मोठा का वाटतो? एक ट्रे एका दाताला जास्तीत जास्त पाव मिलिमीटरच्या आसपास सरकवतो. पण दाताच्या मुळाभोवती जो तंतूंचा पातळ थर असतो ना, तो कमालीचा हळवा. घासात केस आला तरी कळतो की नाही? मग पाव मिलिमीटर म्हणजे त्याच्यासाठी डोंगरच.

आता जेवणाचं. नवा ट्रे रात्री झोपताना बदला, म्हणजे पहिल्या काही तासांचा ताण झोपेत निघून जातो. पहिले एक-दोन दिवस वरणभात, मऊ खिचडी, भाकरी असेल तर आमटीत कुस्करून. त्रास खरा कुठे होतो माहितीये? पालेभाजीत. फट राहिली की मेथीचं पान दाढांखालून अख्खंच्या अख्खं सुटतं आणि घशाशी जाऊन चिकटतं. म्हणून भाजी बारीक चिरा, पोळीचे तुकडे लहान करा, घास दोन्ही बाजूंनी फिरवा. कणीस दातांनी ओरबाडू नका, दाणे काढून खा. चकली, चिक्की जपून, कारण ट्रेला पकड मिळावी म्हणून दातांवर चिकटवलेले छोटे उंचवटे त्यानेच उडतात. वेळ लागतो म्हणून अर्धवट चावून गिळणारे बरेच असतात. डबा खायला दहा मिनिटं जास्त घ्या, ऑफिस कुठे पळून जात नाही.

दोन गोष्टी मात्र अजिबात नको. एक, जबडा पुढे-मागे सरकवून दिवसभर 'आता बसतंय का' हे तपासत बसणं. त्याने स्नायू दुखतात, आणि मग त्या दुखण्याचं खापर अलाइनरवर फुटतं. दुसरी जास्त महागात पडते: फट दिसली म्हणून ट्रे घालणंच बंद करणं, किंवा दुसऱ्याच दवाखान्यात जाऊन 'उंच' वाटणारा दात घासून घेणं. सरकत्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, घासलं की ते परत येत नाही, आणि महिन्याभरात तोच दात दुसऱ्या जागी गेलेला असतो.

तुमचे डॉक्टर काय करतील? रंगीत कागदाची पातळ पट्टी दातांत धरून 'टकटक चावा' म्हणतील. जिथे दात टेकतो तिथे निळा किंवा लाल ठिपका उमटतो. एकाच दातावर गडद डाग आणि दाढा कोऱ्या असतील, तर दुखणं कुठे आहे ते तिथेच दिसतं. उपचार संपत आले असतील तर कधीकधी ट्रेचा मागचा भाग कापून टाकतात, म्हणजे दाढांना परत वर यायला वाव मिळतो. काहींना बटणं चिकटवून बारीक रबर लावतात, काहींचं नवं स्कॅन घेऊन जादाचे ट्रे बनवतात. रिटेनर, म्हणजे उपचार संपल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे, फक्त रात्री घालायला लागल्यावरही दाढा पुढच्या काही महिन्यांत हळूहळू बसतात. सगळ्यांच्याच बसतात असं नाही, म्हणून तर तपासणी हवी. तोंडात न बघता घरपोच ट्रे पाठवणाऱ्या किटबद्दल माझं मत यावरून ओळखा.

वाट बघायची नाही असंही काही आहे. कानापुढचा सांधा दुखतोय, तोंड उघडताना अडकतंय, एकच दात आठवड्याहून जास्त ठणकतोय किंवा बाकीच्यांपेक्षा खूप हलतोय, तर पुढचा ट्रे लावण्याआधी फोन करा. दुखतंय म्हणून मनाने आयबुप्रोफेन घेत राहू नका, त्या जातीच्या गोळ्यांनी दात सरकण्याचा वेग कमी होऊ शकतो. कुठली चालेल ते विचारून घ्या. फोनवर तीन गोष्टी नीट सांगा: कितवा ट्रे चालू आहे, रोज खरोखर किती तास घालता, आणि फट एका बाजूला आहे की दोन्ही. तासांच्या बाबतीत खरं बोला हं, ट्रे किती घट्ट बसतोय यावरून आम्हाला बहुतेकदा कळतंच.