मे महिन्यातला पारिजातक

(दृश्य: दुपार. जुळे सोलापुरातलं एक अंगण. भिंतीलगत निष्पर्ण झुडूप.)

पारा त्रेचाळीसच्या पुढे गेलाय. रस्त्यावर कुणी नाही. कुंपणाशी उभ्या असलेल्या या झुडपावर एक पान उरलेलं नाही. खाली खरखरीत, तपकिरी पाचोळा आणि फांद्यांना लटकलेली नाण्याएवढी चपटी, वाळकी फळं. पाहणारा म्हणणार, गेलं झाड.

मग दोन गोष्टी होतात. कुणी कुऱ्हाड आणतो. किंवा कुणी दया येऊन रोज बादलीभर पाणी ओतायला लागतो. सोलापुरात पारिजातक कुऱ्हाडीपेक्षा या दयेनं जास्त मरतात, असं आमचं मत झालंय.

(दृश्य: नखानं फांदीची साल खरवडणारा हात. आत हिरवी रेष.)

साल नखानं जराशी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं, की झाड जिवंत आहे. ते फक्त झोपलंय. पारिजातक मूळचाच पानगळीचा. कोरड्या डोंगरउतारांवर वाढणारं हे झाड पाणी तुटलं की पानं टाकून देतं, म्हणजे पानांवाटे उडून जाणारी ओल वाचते. झोपलेल्या झाडाला पाणी लागतं, पण थोडं. मुरलेल्या झाडाला दहा-बारा दिवसांनी एकदा, खोलवर मुरेल असं. लहान रोपाला चार-पाच दिवसांनी. म्हणजे साधारण आपल्याकडे नळाला पाणी येतं त्याच पाळीनं!

खरी मेख जमिनीत आहे. भीमा आणि सीनेच्या काठची काळी माती पाणी धरून ठेवते, आणि पारिजातकाच्या मुळांना साचलेलं पाणी मुळीच सोसत नाही. अशा ठिकाणी दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, तळाला मुरूम टाकावा आणि वर माती, वाळू नि कुजलेलं शेणखत भरावं. मूठभर निंबोळी पेंड घातली तर बरं. शहरात बऱ्याच ठिकाणी हातभर खणलं की मुरूमच लागतो. तिथल्या लोकांनी जमिनीला नावं ठेवू नयेत, हे झाड त्यांच्यावर खूश असतं.

(दृश्य: पिवळी पडलेली कोवळी पानं, शिरा मात्र हिरव्या.)

आणखी एक तक्रार नेहमी ऐकू येते. कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्या मातीत चुना जास्त. तो असला की लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. त्यात बोअरचं जड पाणी घालत राहिलं, की कुंडीच्या कडांना पांढरी खार फुटते. अशा वेळी युरिया टाकून काही होत नाही. शेणखत वाढवा, अगदीच गरज पडली तर थोडी हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून द्या. पहिल्या पावसाचं पाणी पिंपात साठवून ठेवता आलं तर त्यासारखं दुसरं काही नाही.

आता छाटणी. इथं बहुतेक जण चुकतात, कारण आठवण येते ती श्रावणात, फांद्या रस्त्यावर आल्यावर. पारिजातकाच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकांना येतात. श्रावणात टोकं छाटली म्हणजे त्या वर्षीची फुलंच छाटली. छाटणी करायची ती फळं वाळल्यावर, पानगळीच्या सुमारास, फेब्रुवारी-मार्चमध्ये. वाळक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढा, लांब वाढलेल्या निम्म्यावर आणा. वळवाचा पाऊस झाला की चौकोनी, हिरव्या कोवळ्या काड्या फुटू लागतात. हो, चौकोनीच. बोटांत फिरवून बघा, कडा लागतात.

पावसाळ्यात केसाळ सुरवंट येतात. खोडावर घोळक्यानं बसलेले असताना काठीनं खाली पाडले की काम भागतं. हात लावू नका, आग होते.

(दृश्य: पहाट. झाडाखाली अंथरलेली जुनी सोलापुरी चादर, तिच्यावर फुलांचा सडा.)

सोलापूर जिल्ह्याचा पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. पारिजातक त्याच सुमाराला बहरात येतो. तिन्हीसांजेनंतर फुलं उमलतात, वासावर रात्रीचे पतंग येतात, आणि उजाडायच्या आत फुलं गळतात. एरवी जमिनीवर पडलेलं फूल देवाला चालत नाही. याचं चालतं, म्हणून पहाटे चादर अंथरायची. झाड भिंतीलगत असेल तर निम्मी फुलं शेजारी पडणार. सत्यभामेचंही तेच झालं होतं, आपण कुठं भांडत बसता?

देठ मात्र फेकू नका. त्या केशरी नळीतल्या रंगाचं रासायनिक नातं थेट केशराशी आहे. पूर्वी त्यात रेशीम रंगवत. देठ सावलीत वाळवून कोमट पाण्यात भिजवले की सोनेरी पिवळा रंग उतरतो. रंग कच्चा, उन्हात आणि धुण्यात उडतो. शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एखाद्या रंगाऱ्याला दाखवलात तर तो हसेल. पण घरातला एखादा सुती रुमाल रंगवायला हरकत नाही.

(दृश्य: हातात तपकिरी, चपटी फळं.)

जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, तोवर बरीच फळं तपकिरी होतात. फळ दुभंगायच्या आत काढा. प्रत्येकात दोन कप्पे, कप्प्याला एक बी. उन्हाळाभर कागदी पाकिटात ठेवून पावसाच्या तोंडावर पिशव्यांत लावा. बियांच्या रोपाला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचे वीतभर तुकडे ओल्या वाळूत रोवावेत. सगळे जगत नाहीत, म्हणून चार-पाच लावा.