साठीची शिकार: जनावर शेवटी ठरवा

मंडळी, साठाव्या वाढदिवसाला धनुष्यबाणाने एखादी मोठी शिकार करायची असं मनात आलं की माणूस आधी जनावर ठरवतो. एल्क किंवा मूस ही अमेरिकेतली मोठी हरणं, नाहीतर आफ्रिकेतला कुडू. मग फोटो बघतो, मग आउटफिटरला, म्हणजे शिकारीची सगळी व्यवस्था करणाऱ्या व्यावसायिकाला, आगाऊ रक्कम देतो आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या खांद्याकडे बघतो. हा क्रम आज आपण उलटा लावू. आधी खांदा आणि गुडघे, मग बाणाचं अंतर, मग परवाना. एवढ्यातून जे जनावर उरेल ते आपलं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषयच संपलेला आहे, म्हणून मी बोलणार आहे ते इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या रॉकी पर्वताबद्दल, अलास्काबद्दल आणि थोडंसं नामिबियाबद्दल.

खांद्याची परीक्षा घरच्या घरी होते. खुर्चीवर बसा, पाय जमिनीवरून उचलून पुढे धरा आणि निशाण्यावर रोखलेलं धनुष्य न हलवता सरळ मागे ओढा. ओढताना धनुष्य आभाळाकडे उचलावं लागलं, तर ओढीचं वजन जास्त आहे. रानात थंडीने आखडलेल्या अंगाने, गुडघ्यावर बसून, समोर जनावर उभं असताना अशीच ओढ करायची असते, आणि वर उचललेला हात जनावराला लगेच दिसतो. ७० पौंडाचं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) धनुष्य साधारण ६० पर्यंत उतरवता येतं. त्याहून खाली जायचं तर पाती, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा, बदलावी लागतात. वजन उतरवताना पात्यांचे वर-खालचे दोन्ही बोल्ट सारखेच फिरवा. वजन उतरवलं की बाणाचा ताठपणा जुळेनासा होतो, म्हणून कागदातून बाण मारून फाट बघा आणि नेम धरायची साइट नव्याने बसवा. हे निघायच्या आदल्या आठवड्यात करायचं काम नव्हे. निदान चार महिने हातात ठेवा.

साठ पौंड म्हणजे कमी, ही समजूत सोडून द्या. ४५० ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप) वजनाचा बाण सेकंदाला २५५ फुटांनी सुटला तर त्यात ६५ फूट-पौंड ऊर्जा असते. नामिबियात कुडू आणि गेम्सबॉकसारख्या मोठ्या जनावरांसाठी कायद्याने मागितलेला आकडा नेमका तोच आहे. कोलोराडोत किमान ओढ फक्त ३५ पौंड लागते. अलास्कात मूससाठी ५०. एकच सांगतो, खांदा गेलाय म्हणून क्रॉसबो (बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेलं धनुष्य) घेऊ, असं कोलोराडोच्या धनुष्य-हंगामात चालत नाही. अपंगत्वाची खास परवानगी असेल तर गोष्ट वेगळी.

आता अंतर. ४० यार्ड म्हणजे १२० फूट. तेवढं कापायला आपल्या बाणाला जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि तेवढ्यात चालतं जनावर एक पाऊल पुढे टाकतं. फुप्फुसावर धरलेला बाण मग पोटात जातो. म्हणून स्वतःचं अंतर ठरवताना चांगल्या दिवसाची सरासरी धरू नका. जिना चढून धापा टाकत या, थंड अंगाने पहिला बाण मारा, आणि रोज फक्त तो पहिला बाण मोजा. ज्या अंतरावर तो सलग आठवडाभर जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात बसतो, ते तुमचं अंतर. बहुतेकांचं इथे खाली येतं. येऊ द्या.

हे दोन आकडे हातात आले की निवड बरीचशी आपोआप होते. अंतर २५ यार्ड आणि गुडघे कुरकुरणारे असतील, तर नामिबियासारखी जागा नाही. मे ते सप्टेंबर कोरडा हिवाळा असतो, जनावरं पाणवठ्यावर येतात आणि तुम्ही आडोशात खुर्चीवर बसता. बाण १५ ते २५ यार्डांवरच मारायचा असतो. दोन गोष्टींनी मात्र घात होतो. एक, अवकाळी पाऊस. रानभर डबकी साठली की पाणवठ्यावर कुणी फिरकत नाही. दुसरी, बाण लावायची जागा. तिथल्या हरणवर्गातल्या जनावरांचं हृदय-फुप्फुस आपल्या इथल्या हरणांपेक्षा पुढे आणि खाली असतं. इथल्या सवयीने फऱ्याच्या मागे चार बोटं सोडून मारलेला बाण तिथे यकृतात किंवा पोटात जातो. आडव्या उभ्या जनावराच्या पुढच्या पायाच्या रेषेतच, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात धरा. आणि रक्ताचा एक थेंब जरी पडला तरी जनावर मिळो न मिळो, त्याची पूर्ण ट्रॉफी फी, म्हणजे त्या जनावरामागची ठरलेली रक्कम, द्यावी लागते. करारात ही ओळ असतेच.

मूसबद्दल थोडक्यात. या जनावराचं मांसच २०० किलोंहून जास्त भरतं. अलास्कात खाण्याजोगं मांस रानात टाकणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि मांस बाहेर काढण्याआधी शिंगं बाहेर काढता येत नाहीत. नदीपासून अर्धा मैल आत, दलदलीत मूस पाडला तर एकेक मांडी पाठीवर घेऊन किती खेपा होतील, याचा हिशेब साठीच्या माणसाने बाण लावण्याआधी करायचा. विमानातून उतरलात त्याच दिवशी शिकार करता येत नाही, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच. धनुष्य-शिकारीचा अभ्यासक्रम झाल्याचं प्रमाणपत्रही लागतं. वाढदिवसाला पुण्याहून मेहुणा येणार असेल आणि त्यालाही शिकार करायची असेल, तर लक्षात ठेवा, अमेरिकेत न राहणाऱ्या परदेशी नागरिकाला अलास्कात कुठल्याही मोठ्या शिकारीसाठी गाइड सक्तीचा आहे.

राहिला एल्क, आणि बहुतेकांचं मन तिथेच अडकलेलं असतं. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात नर माजावर येतो, शीळ घालतो, हाकेला उत्तर देतो. कोलोराडोत धनुष्याचा हंगाम २ ते ३० सप्टेंबर. तुमचा वाढदिवस फेब्रुवारीत असला तरी शिकार सप्टेंबरमध्येच करा. हंगाम कुणासाठी सरकत नाही.

परवान्याचं गणित राज्यागणिक वेगळं आहे. कोलोराडोत बाहेरच्या राज्यातल्या माणसाला धनुष्याचा एल्क टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, पूर्वी दुकानातून सरळ विकत मिळायचा. २०२५पासून आंतरराज्य महामार्ग २५च्या पश्चिमेला तो बंद झाला, आता ड्रॉमध्ये, म्हणजे सोडतीत, उतरावं लागतं. अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संपते. टॅग लागला नाही तर पुढच्या सोडतीत कामी येणारा एक पॉइंट जमा होतो, म्हणून पंचावन्नाव्या वर्षापासून पॉइंट साठवायला लागा. वायोमिंग आणि ॲरिझोनाचे एल्कचे अर्ज फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच बंद होतात. न्यू मेक्सिकोत पॉइंट नाहीतच, निव्वळ सोडत. तिथे १० टक्के टॅग आउटफिटरबरोबर जाणाऱ्यांना आणि ६ टक्के बाहेरून स्वतंत्र येणाऱ्यांना. वायोमिंगच्या संरक्षित विल्डरनेसमध्ये बाहेरच्या शिकाऱ्याला गाइडशिवाय मोठी शिकार करता येत नाही, नकाशा बघतानाच त्या हद्दी रंगवून ठेवा. १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला कोलोराडोत हंटर एज्युकेशनचं कार्ड लागतं. साठीचा पाहुणा त्यातून सुटत नाही. आपल्याकडे एकसष्टी करायची पद्धत आहेच, तेव्हा साठीला टॅग नाही लागला तरी शास्त्रार्थाने एक वर्ष हातात राहतं!

आउटफिटरला “यशाचं प्रमाण किती?” असं विचारू नका. बंदूक आणि धनुष्य एकत्र मिसळून तो छान आकडा सांगेल. विचारा, की गेल्या हंगामात धनुष्य घेऊन आलेले किती जण होते, त्यातल्या किती जणांना ४० यार्डांच्या आत बाण मारायची संधी मिळाली, आणि किती जखमी जनावरं हाती लागली नाहीत. धनुष्याने एल्क मिळवणारे दहात एखाद-दुसराच असतो, त्यामुळे संधीचा आकडाच खरा. तळ किती फुटांवर आहे, रोज चढ किती, टॅग न लागल्यास आगाऊ रक्कम परत की पुढच्या वर्षी, एका गाइडमागे शिकारी किती, हे लेखी घ्या. कोलोराडोत आउटफिटरची राज्याकडे नोंदणी लागते, ती तपासा. तळ १०,००० फुटांवर असेल तर दोन-तीन दिवस आधी पोहोचा. पहिल्याच दिवशी डोकेदुखी आणि उलट्या घेऊन चढायला लागलात, तर पुढचे सहा दिवस वाया गेले समजा.

रानात वारा सगळं ठरवतो. पहाटे गार हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर, संध्याकाळी पुन्हा खाली. सकाळी दहाच्या सुमाराला खालून वर चढत गेलात तर तुमचा वास तुमच्या आधी एल्कपर्यंत पोहोचतो.

बाण लागल्यावर घाई करू नका. फुप्फुसाचं रक्त फेसाळ आणि गुलाबी असतं, तरीही अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत, चार ते सहा तास. बाणाला हिरवट घाण आणि वास असला तर पोट, आठ ते बारा तास. लगेच मागे धावलात तर जखमी जनावर मैल-मैल जातं आणि हातचं जातं.

मग खरी मेहनत सुरू होते. सप्टेंबरची दुपार गरम असते आणि मांडीच्या हाडाजवळचं मांस आतून आंबतं. पोट न फाडता एका बाजूचं कातडं सोलायचं, फरा, मांडी, पाठीची पट्टी काढायची, मग जनावर उलटवायचं. सगळं जाळीच्या पिशव्यांत भरून सावलीत, वारा लागेल असं टांगायचं. मोठ्या नर एल्कचं हाडाविना मांस नव्वद-शंभर किलो भरतं, म्हणजे एकट्याच्या चार खेपा. घोडा किंवा खेचर मिळेल का, हे म्हणूनच बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्यायचं. हरणवर्गात पसरणाऱ्या क्रॉनिक वेस्टिंग डिसीजमुळे मेंदू आणि पाठीचा कणा बऱ्याच राज्यांत आणू देत नाहीत, तेव्हा शिंगं घरी न्यायची असतील तर कवटीचा वरचा भाग कापून, आतून स्वच्छ खरवडूनच राज्याची सीमा ओलांडा.