चौकोनाच्या खालची ओळ

(पुस्तिका, अंक आणि कार्यक्रमपत्रिका काढणाऱ्या मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आधी तुम्हाला एक काम देते. हातातल्या पत्रिकेच्या मागे दोन चिन्हं छापली आहेत. डावीकडे काळ्या ठिपक्यांचा चौकोन, उजवीकडे कमी-जास्त उंचीच्या उभ्या रेघांची पट्टी. दोन्ही एकाच गाण्याकडे नेतात. फोनचा नेहमीचा कॅमेरा चौकोनावर धरा. लिंक आली? आता पट्टीवर धरा.

काहीच होत नाही, बरोबर? पुढच्या रांगेतल्या ताई चष्मा पुसून पुन्हा बघतायत. ताई, चष्म्याला बोल लावू नका. ती पट्टी स्पॉटिफायची आहे. ती वाचायची तर त्यांचंच अ‍ॅप उघडायचं, शोधाच्या पानावर जायचं आणि तिथला बारका कॅमेरा दाबायचा. ज्याच्या फोनात ते अ‍ॅप नाही त्याच्या दृष्टीने ती नुसती नक्षी.

आत्ता तुमचं जे झालं तेच वाचकाचं घरी होतं, आणि तिथे समजावून सांगायला मी नसते. तो दोनदा फोन मागेपुढे करतो आणि पान उलटतो. गाणं ऐकायचं राहून जातं. हे कुठे आणि का राहतं, तेवढंच आज बोलायचं आहे.

कागदातून आवाज पोचवायची हौस तशी जुनी. पूर्वी मासिकांमधून लवचीक, कागदासारख्या पातळ तबकड्या देत असत. नॅशनल जिओग्राफिकने जानेवारी 1979 च्या अंकाबरोबर देवमाशांच्या गाण्याची अशी तबकडी दिली होती आणि तिच्या एक कोटीहून जास्त प्रती काढल्या होत्या. अंकातून काढायची, रेकॉर्ड प्लेअरवर ठेवायची, सुई टेकवायची की झालं. तिथे आवाज स्वतः अंकाबरोबर घरी येत होता. आपण हल्ली आवाजाचा फक्त पत्ता पाठवतो, आणि माझ्या मते आपल्या सगळ्या भानगडी इथूनच सुरू होतात.

पत्ता पाठवायचा एक मोठा प्रयोग 2000 साली अमेरिकेत झाला. क्यूकॅट नावाचं मांजराच्या आकाराचं स्कॅनर मासिकांच्या वर्गणीदारांना टपालाने चक्क फुकट पाठवलं. ते कॉम्प्युटरला वायरने जोडायचं, अंकातल्या रेघांवरून फिरवायचं, की संकेतस्थळ उघडणार. आता मला सांगा, आरामखुर्चीत पाय पसरून मासिक वाचणारा माणूस उठून कॉम्प्युटरपाशी जाणार का? नाहीच गेला. मांजर लवकरच अडगळीत पडलं. यंत्र चालत होतं, पण माणूस कसा बसून वाचतो हे कुणी बघितलं नव्हतं.

चौकोनाचा, म्हणजे क्यूआर कोडचा, जन्म मात्र कामाच्या धबडग्यात झाला. 1994 साली जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. त्यातली एक गोष्ट आपल्या धंद्याची आहे म्हणून सांगते. कोडच्या तीन कोपऱ्यांत चौकोनात चौकोन असे तीन डोळे असतात. त्यांच्यावरून कॅमेऱ्याला कोड कुठे आहे आणि कसा फिरलेला आहे ते कळतं. अडचण अशी होती की आजूबाजूच्या छापील मजकुरात तसाच आकार निघाला तर यंत्र फसणार. म्हणून या मंडळींनी पत्रकं, मासिकं, खोकी असा छापील माल समोर घेऊन काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची प्रमाणं मोजली. छपाईत सगळ्यात कमी सापडणारं प्रमाण निघालं 1:1:3:1:1. तुमच्या पत्रिकेवरच्या डोळ्यातून मधोमध आडवी रेघ ओढलीत तर तेच मिळेल: एक भाग काळा, एक पांढरा, तीन काळे, एक पांढरा, एक काळा. कंपनीने पेटंट घेतलं, पण वापरणाऱ्यांकडून त्याचे पैसे मागितले नाहीत. म्हणून तो आज सगळीकडे आहे. 2017 मध्ये आयफोनच्या साध्या कॅमेऱ्यालाही तो वाचता यायला लागला आणि वेगळ्या अ‍ॅपची कटकट गेली. स्पॉटिफायची पट्टी आली तीही त्याच वर्षी.

या दोघांच्या पोटात काय आहे ते बघू. पट्टीत 23 रेघा आहेत. पहिली आणि शेवटची सगळ्यात बुटकी, मधली बारावी सगळ्यात उंच. या तिघी मोजमापासाठी. उरलेल्या 20 रेघांना प्रत्येकी आठ उंच्यांपैकी एक, म्हणजे रेघेमागे तीन बिट (शून्य किंवा एक असे तीन अंक), एकूण 60 बिट. चुका दुरुस्त करण्याची सोय वजा केली की हाती राहतो एक क्रमांक. गाण्याचं नाव त्यात नाही आणि पत्ताही नाही. सामान ठेवायला दिल्यावर हातात बिल्ला मिळतो ना, तसा तो. बिल्ल्यावरून सामान शोधून देणारा कंपनीच्या सर्व्हरवर बसलेला असतो. चौकोनात मात्र अख्खा पत्ता अक्षर न् अक्षर लिहिलेला असतो. त्यामुळे माझं मत सरळ आहे: पट्टी दिसायला देखणी आहे, तुमचे ऐकणारे एकजात त्याच अ‍ॅपवर असतील तर खुशाल छापा. बाकी सगळ्या ठिकाणी चौकोन.

पत्ता अख्खा लिहायचा म्हटलं की त्याच्या लांबीला महत्त्व येतं. स्पॉटिफायवरच्या एका गाण्याचा पूर्ण पत्ता बरोबर 53 अक्षरांचा असतो. शेअर बटण दाबून घेतलात तर पुढे प्रश्नचिन्हानंतर एक शेपूट येतं, कुणी पाठवलं याचा माग ठेवणारं, आणि अक्षरं होतात 73. मधल्या दर्जाची चूक-दुरुस्ती (चार दर्जांपैकी दुसरी, ती काय ते पुढे सांगते) धरली तर शेपटाशिवाय कोड 33 बाय 33 घरांचा होतो, शेपटासकट 37 बाय 37. दोन सेंटिमीटरच्या जागेत चार घरं जास्त बसवायची म्हणजे प्रत्येक ठिपका बारीक होणार, आणि मिळणार काही नाही. छापण्याआधी शेपूट कापा. गाणं तेच लागतं.

देवनागरीतल्या पत्त्याची तर आणखी मजा. ‘संगीत’ हा शब्द पत्त्यात घातला तर स, अनुस्वार, ग, वेलांटी, त अशी पाच चिन्हं. प्रत्येकाला तीन बाइट. आणि ब्राउझर प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह लावून तीन अक्षरांत लिहितो. झाली 45 अक्षरं, एका शब्दाची! मराठीवर माझं प्रेम आहे, पण कोडच्या पोटात मी रोमन अक्षरं घालते आणि मराठी कोडच्या बाहेर लिहिते. त्या बाहेरच्या लिहिण्याकडे येतेच.

चूक-दुरुस्तीचा उल्लेख झाला म्हणून सांगते. कोडचा काही भाग फाटला, डागाळला तरी तो वाचता येतो, कारण त्यात जादा माहिती पेरलेली असते. त्याचे चार दर्जे: साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के नुकसान सोसणारे. यामागचं गणित रीड आणि सॉलोमन या दोघांनी 1960 मध्ये मांडलं. सीडीवर ओरखडा असूनही गाणं अडखळत नाही, तेही याच गणितामुळे. म्हणजे ज्या हिशोबाने चकतीवरचं गाणं वाचवलं, तोच कागदावरचा गाण्याचा पत्ता वाचवतो. मला हे फार आवडतं. आणि म्हणूनच कोडच्या मधोमध संस्थेचं मोठं बोधचिन्ह चिकटवलेलं दिसलं की माझा जीव खालीवर होतो. चहाचा डाग, घडी, ओला अंगठा यांच्यासाठी ठेवलेली शिल्लक आपण छपाईआधीच उडवून बसतो.

छपाईत काय काय बिघडतं याची यादी लांब आहे, मी माझ्याच पापांपुरतं सांगते. गाण्यांच्या एका पुस्तिकेत डिझायनरने कोड चार रंगांच्या मिश्रणातल्या गडद काळ्यात टाकला. पडद्यावर झकास दिसत होता. प्रेसवर रजिस्टर, म्हणजे रंगांची एकमेकांवरची जुळणी, केसभर हललं आणि प्रत्येक ठिपक्याला निळी-लाल कड आली. निम्म्या फोनांनी तो वाचायचं नाकारलं. तेव्हापासून कोड एकाच काळ्या शाईत, हा माझा हट्ट. त्याच पुस्तिकेत दुसरा एक कोड मधल्या पानावर, थेट पिनेच्या रेघेवर आला होता. पान सपाट राहीना, एक डोळा घडीत गडप. मुद्रितशोधन मी तीन वेळा केलं होतं, हो. ऱ्हस्व-दीर्घ सगळं तपासलं आणि कोडवर फोन एकदाही धरला नाही.

कडेच्या कोऱ्या जागेवरही डिझायनरशी भांडावं लागतं. कोडच्या चारही बाजूंना चार-चार घरांएवढी जागा मोकळी हवी, तो कोडचाच भाग आहे. त्यांना ती वाया गेलेली वाटते आणि तिथे चौकट नाहीतर फूल येऊन बसतं. अंतराचा ठोकताळा दहास एक असा: दोन मीटरवरून स्कॅन व्हावा असं वाटत असेल तर कोड वीस सेंटिमीटरचा. भिंतीवरच्या पोस्टरवर टिकलीएवढा कोड छापणाऱ्यांनी हे घरी जाऊन करून बघावं.

आता त्या प्रकरणाकडे वळते, ज्याने मला खरा धडा शिकवला. मुलाखतींच्या पॉडकास्टसाठी आम्ही एक पत्रक काढलं होतं. कोड एका फुकट संकेतस्थळावर बनवला. प्रूफवर चालला, छापून आल्यावर चालला, आम्ही खूश. चौदा दिवसांनी फोन यायला लागले की मुलाखतीऐवजी ‘तुमची मुदत संपली, योजना निवडा’ असं पान उघडतंय. कोडच्या पोटात आमचा पत्ता नव्हताच. त्यांचा होता, आणि तिथून पुढे आमच्याकडे वळवलेलं. याला ते डायनॅमिक कोड म्हणतात. सोय खरी आहे: छापल्यानंतरही कोड कुठे न्यायचा ते बदलता येतं, किती जणांनी उघडला ते मोजता येतं. पण वळणावरचं फाटक दुसऱ्याचं. आमचे पत्रकांचे गठ्ठे टेबलाखाली तसेच पडले होते, शाई वाळलेली, कागद उत्तम आणि आवाज बंद.

मग करायचं काय? फाटक आपलं ठेवायचं. संस्थेच्या, नाहीतर स्वतःच्या संकेतस्थळावर एक छोटं पान करा, त्याचा आखूड पत्ता कोडमध्ये घाला. त्या पानावर गाणं जिथे जिथे आहे तिथल्या सगळ्या वाटा द्या: स्पॉटिफाय, यूट्यूब, अ‍ॅपल, ज्याला जी परवडेल ती. उद्या गाणं एखाद्या ठिकाणाहून उतरलं तर पान बदलायचं, पत्रक नाही. पॉडकास्टला तर हे फारच गरजेचं, कारण पॉडकास्ट मुळात कुठल्याच एका अ‍ॅपचा नसतो. तो एका फीडवर, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या भागांच्या यादीवर, असतो आणि अ‍ॅपं तिथून उचलतात. एका अ‍ॅपचा कोड छापून आपण मोकळ्या वस्तूला उगाच कुंपण घालतो. आणि भाग नेमका द्या. दोनशे भागांच्या दारात वाचकाला उभं केलं तर तो आत शिरत नाही. लेखात ज्या भागाविषयी लिहिलंय तोच उघडला पाहिजे. जमलं तर त्या मिनिटाला. यूट्यूबच्या पत्त्यात तशी सोय आहे.

एक सावधगिरी. आपलं नाव आपल्याकडे ठेवायचं तर त्याचं नूतनीकरण विसरायचं नाही. 2015 मध्ये जर्मनीत एका मोठ्या सॉस कंपनीच्या बाटलीवरचा कोड अश्लील संकेतस्थळावर जायला लागला होता. कोड ज्या स्पर्धेसाठी होता ती संपली होती, कंपनीने संकेतस्थळाचं नाव सोडून दिलं होतं, ते दुसऱ्याने घेतलं. बाटली मात्र अजून लोकांच्या स्वयंपाकघरात होती.

आणि आता ती ओळ. चौकोन फोनसाठी असतो, माणसाला त्यातून काहीही कळत नाही. पलीकडे गाणं आहे, भाषण आहे की जाहिरात, त्याला कसं समजावं? ‘स्कॅन करा’ ही ओळ मी खोडते. त्यातून फक्त हुकूम कळतो. मी लिहिते: ‘ऐका: धरणाच्या कामावरच्या मजुरांची जात्यावरची गाणी, 6 मिनिटं, मराठी’. सहा मिनिटं म्हटलं की बसमधला माणूस ठरवू शकतो, आत्ता की रात्री. त्याखाली हाताने टाइप करता येईल असा आखूड पत्ता. हा पत्ता कशासाठी, कोड आहे की, असं मला दर वेळी विचारतात. तुमचं पत्रक छापून झाल्यावर कुणीतरी त्याची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारच. मग तो चौकोन वाचकाला त्याच फोनच्या पडद्यावर दिसतो ज्या फोनने तो स्कॅन करायचा. आता फोनने फोनलाच कसं बघायचं? स्क्रीनशॉट काढून वाचायची युक्ती आहे, पण ती तुमच्या काकूंना माहीत असेल असं धरून चालू नका. पत्ता लिहिलेला असेल आणि पीडीएफमध्ये त्याला लिंक दिलेली असेल, तर बोट टेकवलं की काम झालं.

जाता जाता: मागच्या टेबलावर एकाच गाण्याचे चार कोड छापून ठेवलेत. एक चकचकीत लॅमिनेशनवर, एक काळ्यावर पांढरा, एक बोधचिन्हाने मधोमध झाकलेला आणि एक साधा. चहा घेताना आपापल्या फोनने लावून बघा, आणि कुठला लागला नाही ते शेजारच्या वहीत फोनच्या नावासकट लिहा. सगळ्यात जुना फोन ज्यांच्याकडे असेल त्यांनी आधी. मला त्यांचीच नोंद हवी आहे.