नोस्फेराटूची निळी रात्र

[दृश्य: जुन्या कृष्णधवल प्रतीतील प्रसंग. काउंट ऑर्लोक शवपेटी घेऊन गावातून चालला आहे.]

शवपेटी काखोटीला मारून रक्तपिपासू काउंट ऑर्लोक आपल्या नव्या घराकडे निघाला आहे. कथेनुसार ही रात्र आहे. पडद्यावर मात्र घरांच्या भिंती लख्ख उजळलेल्या दिसतात. फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाऊ यांच्या ‘नोस्फेराटू’ या १९२२ च्या जर्मन मूकपटाच्या अखेरीस हाच ऑर्लोक सकाळच्या पहिल्या उन्हात विरून जातो. म्हणजे ऊन ज्याच्या जिवावर उठणार, तोच खुशाल दिवसाढवळ्या हिंडताना दिसतो. कित्येक दशके हा चित्रपट बहुतेक ठिकाणी याच रूपात दाखवला गेला आणि ही विसंगती दिग्दर्शकाचीच असावी, असे कोणालाही वाटले असते.

वस्तुतः ती दिग्दर्शकाची नव्हती. १९२१ मध्ये, चित्रीकरणाच्या वेळी, उपलब्ध असलेली फिल्म अतिशय मंद होती, म्हणजे तिला भरपूर प्रकाश लागे; निळा प्रकाश ती चटकन टिपत असे आणि तांबड्या प्रकाशाला जवळजवळ आंधळी होती. अशा फिल्मवर उघड्यावरची खरी रात्र टिपणे फार अवघड असल्याने छायालेखक फ्रित्स आर्नो वाग्नर यांनी रात्रीचे बाह्य प्रसंग दिवसाच चित्रित केले. पुढचे काम प्रयोगशाळेचे होते. पडद्यावर दाखवायची प्रत तयार झाली की तिच्यातील रात्रीचे भाग निळ्या रंगाच्या द्रावणात बुडवले जात, दिव्याच्या उजेडातील खोल्यांना पिवळसर छटा दिली जाई आणि पहाटेला गुलाबी. हा रंग निगेटिव्हवर नव्हता, केवळ प्रदर्शनाच्या प्रतीवर होता. त्यामुळे नंतरच्या काळात ज्यांनी ज्यांनी त्या प्रतींवरून साध्या कृष्णधवल फिल्मवर नक्कल काढली, त्यांनी नकळत चित्रपटातली रात्रच पुसून टाकली.

ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतला काउंट दिवसाही बाहेर पडू शकतो, हे लक्षात घेतले तर या निळ्या रंगाचे मोल अधिक कळते. उन्हाने पिशाच मरते, ही कल्पना रुजवली ती मुर्नाऊंच्या चित्रपटाने. तेव्हा रंग गेला म्हणजे शोभा गेली एवढेच झाले नाही, कथेचा आधारच निखळला.

[दृश्य: फिल्मच्या डब्यांची रांग, झाकण उघडल्यावर दिसणारे आकसलेले रीळ.]

मूळ निगेटिव्ह आज अस्तित्वात नाही. प्राना-फिल्म या निर्मितीसंस्थेने कादंबरीचे हक्क घेतलेच नव्हते. पात्रांची नावे तेवढी बदलली होती. स्टोकर यांच्या पत्नी फ्लोरेन्स न्यायालयात गेल्या आणि १९२५ मध्ये चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश निघाला. परदेशी गेलेल्या काही प्रती तेवढ्या वाचल्या. ज्या प्रेक्षागृहांसाठी भाषा बदलून, कधी कापाकापी करून प्रती पाठवल्या गेल्या, त्यांच्याच उरलेल्या सामग्रीतून पुढे हा चित्रपट पुन्हा उभा करावा लागला.

एन्नो पाटालास यांनी म्युनिकच्या चित्रपट संग्रहालयात १९८० च्या दशकात या कामाला मोठी दिशा दिली. आज हाय-डेफिनिशन डिस्कवर जे रूप पाहायला मिळते, त्याचा पाया मात्र २००५-०६ मध्ये लुचानो बेरियातुआ यांनी मुर्नाऊ यांच्या नावाच्या जर्मन प्रतिष्ठानासाठी केलेल्या पुनरुज्जीवनाने घातला. त्याचे प्रयोगशाळेतील काम इटलीत, बोलोन्यातील ‘लिमाजिने रित्रोव्हाता’ येथे झाले. मुख्य आधार होता पॅरिसच्या सिनेमातेक फ्रांसेजमधील १९२२ ची रंगछटा दिलेली नायट्रेट प्रत. तिच्यातल्या पाट्या, म्हणजे संवाद आणि निवेदन दाखवणारी लिखित चित्रे, फ्रेंच होत्या. जी दृश्ये तिच्यात नव्हती, त्यांतली काही १९३९ च्या एका प्रतीतून घेतली, आणि ती प्रत स्वतःच चेक वितरणासाठी गेलेल्या जुन्या प्रतीवरून काढलेली होती. आणखी काही दृश्ये १९३० साली नाव बदलून आणि नव्या प्रसंगांची भर घालून फिरवलेल्या एका आवृत्तीतून आली. बहुतेक जर्मन पाट्या १९६२ च्या प्रतीतून मिळाल्या.

एवढी सामग्री हाती आली म्हणजे काम सोपे होते असे नाही. नकलेवरून नक्कल काढताना दर पिढीत कडा बोथट होतात, काळा-पांढरा विरोध वाढतो आणि आधीच्या प्रतीवरचे ओरखडे चित्राचाच भाग होऊन बसतात. त्यामुळे पॅरिसच्या प्रतीतील नितळ दृश्यानंतर दुसऱ्या प्रतीतले दृश्य आले की सांधा जाणवतो. दोन्ही सारखे दिसावेत म्हणून चांगले दृश्य मुद्दाम मऊ करण्याचा मोह होऊ शकतो. माझ्या मते तो आवरायलाच हवा. सांधा दिसला तर दिसू द्यावा.

फिल्मच्या पाठीवर पडलेले ओरखडे तुलनेने सोपे असतात. फिल्मच्या पारदर्शक पाठीइतकाच प्रकाश वळवणाऱ्या द्रवात फिल्म भिजवून स्कॅन केली, तर ते ओरखडे भरून निघतात आणि दिसेनासे होतात. चित्र ज्या थरात असते तोच खरवडला गेला असेल, तर मात्र शेजारच्या चौकटींतून, म्हणजे आधीच्या-नंतरच्या स्थिर चित्रांतून, तेवढा भाग उसना घ्यावा लागतो. संगणक हे आपोआप करू शकतो, आणि भयपटात नेमका इथेच धोका असतो. एका चौकटीत दिसणारा आणि पुढच्या चौकटीत नाहीसा होणारा ठिपका म्हणजे धूळ, असे संगणक धरून चालतो. पण या चित्रपटात शवपेटीचे झाकण आपोआप सरकते ते एकेक चौकट थांबून घेतलेल्या चित्रीकरणामुळे. ऑर्लोकची बग्गी जंगलातून धक्के खात धावते तीही अशाच युक्तीने. आणि मध्येच झाडे पांढरी होतात ती तिथे निगेटिव्ह चित्रच वापरल्यामुळे. यातला प्रत्येक धक्का दिग्दर्शकाला हवा होता. धक्के सरसकट गुळगुळीत करणारी आज्ञावली अशा जागी माणसाने हाताने बंद ठेवली नाही, तर शंभर वर्षांपूर्वीचा चमत्कार दोष म्हणून साफ होतो.

[दृश्य: पडद्यावरील पाटी, कोपऱ्यातील बारीक अक्षरे मोठी करून दाखवावीत.]

ज्या पाट्या कुठेच सापडल्या नाहीत, त्या मूळ अक्षरवळणाला धरून नव्याने तयार केल्या आणि त्यांवर प्रतिष्ठानाची आद्याक्षरे घातली. नवे काय आणि जुने काय हे पाहणाऱ्याला कळावे, हा प्रामाणिकपणा मला इतर सगळ्या सफाईपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

डिस्कवर चढवताना वेगळेच प्रश्न उभे राहतात. हाय-डेफिनिशनची चौकट १९२० बाय १०८० बिंदूंची असते. त्या काळचे चित्र जवळजवळ चौकोनी असल्याने त्यातले सुमारे १४४० बिंदूच रुंदीसाठी वापरले जातात आणि दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. ते पट्टे घालवण्यासाठी चित्र ताणले, तर ऑर्लोक साकारणाऱ्या माक्स श्रेक यांची उंच, काटकुळी आकृती जाडजूड होईल. फिल्मचे दाणे, म्हणजे चित्र ज्यांनी बनते ते बारीक कण, हा दुसरा प्रश्न. दाणे पुसले की चेहरे मेणाचे वाटतात, ठेवले की माहितीचा आकार फुगतो. आणि तो कमी करताना अंधाऱ्या भागांत आधी छटांच्या पायऱ्या उमटतात. ज्या चित्रपटाची निम्मी भीती निळसर काळोखात आहे, त्याला हे परवडत नाही.

गतीचे गणित तर अनेकांच्या ध्यानातच येत नाही. मूळ चित्रपट १९६७ मीटर लांबीचा, म्हणजे सुमारे एक लाख चौकटींचा. सेकंदाला १८ चौकटींनी तो सुमारे ९५ मिनिटे चालतो. डिस्कच्या २४ चौकटींनी सरळ चालवला, तर ७२ मिनिटांतच संपेल आणि ऑर्लोक लगबगीने चालू लागेल. म्हणून दर तीन चौकटींमागे एक चौकट दुसऱ्यांदा दाखवली जाते. डोळ्याला किंचित अडखळ जाणवते खरी, पण ऑर्लोकची संथ चाल शाबूत राहते, आणि हान्स एर्डमान यांच्या उरलेल्या संगीतरचनांवरून बेर्न्ट हेलर यांनी पुन्हा बांधलेले संगीतही याच गतीला जुळवता येते.