आंबा पहिल्या ओळीत हवा

श्रोतेहो, नमस्कार. मोबाइलवर चार ओळी लिहायच्या, तर किती आटोपशीर? १९८५ मध्ये जर्मनीत, बॉन शहरात, दूरसंचार अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांड टाइपरायटरवर मनाला येतील ती वाक्यं बडवत अक्षरं मोजत बसले होते. बहुतेक वाक्यं १६० च्या आत संपली आणि एसएमएसची मर्यादा तीच ठरली. ट्विटरने त्यातली २० लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखली, उरली १४०. २०१७ मध्ये त्यांची २८० झाली. आपली लवकर संपतात, कारण काना, वेलांटी, जोडाक्षराचा हलन्त सगळं वेगळं मोजतात. 'स्त्री' लिहा, सहा गेली!

पण मोजदाद राहू द्या. महत्त्वाची असते पहिली ओळ. पुन्हा सांगते, पहिली ओळ.

माझा मावसभाऊ देवगडचा आंबा बागायतदार. गेल्या मोसमात त्याने फेसबुकवर लिहिलं: "सर्व बंधुभगिनींना सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की, श्री देव कुणकेश्वराच्या कृपेने व वडीलधाऱ्यांच्या आशीर्वादाने..." इथेच फेसबुकने मजकूर दुमडला. आंबा राहिला खाली! लोकांनी भक्तिभावाने हात जोडले, कोणी 'हर हर महादेव' लिहिलं. पेटी मागायला मात्र कुणी फिरकलं नाही.

त्याची मुलगी बारावीत. म्हणाली, "बाबा, आशीर्वाद शेवटी घ्या." तिने लिहिलं: "हापूस पेंढ्यात पिकत घातलाय. शनिवारी पहाटे गाडी दादरला. पाच डझनांची पेटी. भाव विचारायला फोन करा." सोबत फोटो बापाच्या हाताचा, चिकाने काळे डाग पडलेल्या. संध्याकाळपर्यंत फोन खाली ठेवता येईना. एका आजींनी आधी दरडावून विचारलं, "खालच्या थरात बारकी फळं नाहीत ना?" भाव मग विचारला. दादा अजून कुरकुरतो, "नमस्कार न करता लिहायचं म्हणजे काय!"

तशी नमस्काराची हौस भागवायला व्हॉट्सअ‍ॅपवरचे सकाळचे गुलाब आहेतच. त्या गुलाबांवर, माझं चाललं तर, मी जकात बसवीन! असो.

तर पहिल्या ओळीत माल, मग दिवस, मग ठिकाण. एका मजकुरात एकच गोष्ट. आंब्याबरोबर फणसपोळी नको, तिला दुसरा दिवस द्या. आणि फोन नंबर फोटोवर छापू नका, मजकुरात लिहा. फोटोतला नंबर घाईत कोण उतरवून घेणार?